दरडोई म्हणजे कुणाची डोई?

राज्य सरकारच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न ३ लाख ९ हजार ३४० रुपये होईल, असा अंदाज दिला आहे. म्हणजे पाच माणसांच्या घरात वर्षाला पंधरा लाख. आपल्या वस्तीत असे किती उंबरे आहेत, ते ज्याने त्याने मोजावे.

या आकड्यांवरून सध्या दोन फड रंगले आहेत. सत्ताधारी म्हणतात, महाराष्ट्र एक ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था होणार. विरोधक पंतप्रधानांच्याच आर्थिक सल्लागार परिषदेचा सप्टेंबर २०२४ चा शोधनिबंध पुढे करतात : देशाच्या उत्पन्नात महाराष्ट्राचा वाटा २०१०-११ साली १५.२ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये १३.३ टक्क्यांवर आला. दोन्ही आकडे कागदावर खरे आहेत. पण या तेरा वर्षांत काँग्रेस, राष्ट्रवादी, भाजप आणि शिवसेना असे सगळेच सत्तेच्या खुर्चीवर बसून उठले आहेत, हे दोन्ही फडांतले वक्ते सोयीने विसरतात. बेरीज मोठी की लहान, एवढेच त्यांचे भांडण आहे. आमचे भांडण भागाकाराशी आहे.

जिल्ह्याचे उत्पन्न काढताना माल कुठे पिकला, कुठे तयार झाला हे बघतात. त्याचा पैसा शेवटी कुणाच्या घरात गेला, हे बघत नाहीत. बीडची ऊसतोड कामगार बाई दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात जाते. तिने तोडलेला ऊस त्या जिल्ह्याच्या, त्या राज्याच्या उत्पन्नात मोजला जातो. ती स्वतः मात्र बीडच्या लोकसंख्येत मोजली जाते. घाम तिकडच्या बेरजेत, तोंड इकडच्या भागाकारात. मग कुणीतरी अहवालात लिहितो की बीड मागास आहे. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ साली सरकारला समिती नेमावी लागली. ज्या शरीरांनी साखरेचे आकडे वाढवले, त्या शरीरांच्या नुकसानीसाठी राज्याच्या उत्पन्नात वजाबाकीचा रकाना नाही. उलट त्या शस्त्रक्रियेचे खासगी दवाखान्याचे बिलसुद्धा उत्पन्नात भरच घालते!

आता आपल्या शहराकडे या. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर जिल्हा दरडोई उत्पन्नात सर्वांत वर असतो, कारण वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा. शेंद्रा-बिडकीनला दहा हजार एकरांवर ‘ऑरिक’ उभे राहते आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने सुमारे २० हजार कोटींच्या गुंतवणुकीचा करार केला. आम्ही कारखान्यांच्या विरोधात नाही. भारतातल्या लहान शेतीचा इलाज औद्योगिकीकरणात आहे, हे बाबासाहेबांनी १९१८ सालीच लिहून ठेवले. जमीन नसलेल्या माणसाला गावगाड्यातून सुटायला कारखान्याचे गेट हीच वाट होती. म्हणून तर आम्ही विचारतो, त्या गेटातून आत जाणारा कोण आहे आणि कोणत्या रजिस्टरवर?

नागसेनवनातून पदवी घेतलेली पोरे ठेकेदाराच्या रजिस्टरवर सात-सात महिने चढतात आणि उतरतात. त्यांचा पगार, मालकाचा नफा आणि बँकेचे व्याज हे सगळे ‘जिल्ह्याचे उत्पन्न’ म्हणून एकाच ढिगात पडते. नफा मुंबई-पुण्याच्या मुख्यालयात किंवा परदेशात गेला, तरी आकडा आपल्याच जिल्ह्याच्या नावावर राहतो. २०१६ च्या दुष्काळात मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करा, असे सांगायला उच्च न्यायालयाला पुढे यावे लागले. आजही ज्या शहरात नळाला आठवडाभर पाणी येत नाही, त्या शहराची बाटलीबंद बिअर विकासदरात दिमाखात बसलेली आहे.

जमिनीचेही तेच. एमआयडीसी जमीन घेते ती १९६१ च्या राज्य कायद्याने, आणि मोबदला सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याला. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने त्या जमिनीवर तीन वर्षे राबलेल्या शेतमजुराच्या घरालाही बाधित कुटुंब मानले होते. राज्याच्या कायद्यात तो मजूर दिसतच नाही. गायरान कसणाऱ्याची गत तर आणखी वाईट. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करायची होती. तीस वर्षे फायली हलल्या नाहीत, आणि २०२२ मध्ये मात्र गायराने मोकळी करण्याच्या नोटिसा धडाधड निघाल्या.

इथे एक मंडळी आम्हाला थांबवतात. ‘आधी मराठवाड्याचा अनुशेष, मग जातीचे बघू.’ ही मंडळी आमच्या ओळखीची आहेत. अनुशेष खोटा नाही. दांडेकर समितीने १९८४ साली राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी काढला, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटी. पण मोजणीचे माप होते जिल्हा. रस्ता गावापर्यंत आला की अनुशेष भरला; तो वेशीबाहेरच्या वस्तीत गेला की नाही, हे त्या मापात येत नाही. शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री मराठवाड्याने दिले. मग अन्याय कुणी कुणावर केला? आणि मराठवाड्याची अस्मिता म्हणजे काय, हे आम्ही १९७८ साली पाहिले आहे. विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि त्याच अस्मितेच्या नावाने आमच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. १९९४ साली नामविस्तार झाला, वैधानिक विकास मंडळेही त्याच वर्षी आली. मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, तेव्हा या अस्मितावाल्यांपैकी रस्त्यावर किती उतरले?

मात्र सर्वांत उघडा हिशेब आहे तो आपल्या हक्काच्या पैशाचा. लोकसंख्येच्या प्रमाणात अनुसूचित जातींसाठी वेगळा निधी ठेवायचा, तो दुसरीकडे वळवायचा नाही, हे धोरण सहाव्या पंचवार्षिक योजनेपासूनचे आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात आपण ११.८ टक्के होतो. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी ‘लाडकी बहीण’साठी वळवले, तेव्हा खुद्द त्या खात्याचे मंत्री, आपल्याच शहराच्या पश्चिम या राखीव मतदारसंघाचे आमदार संजय शिरसाट, जाहीरपणे नाराज झाले. नाराज झाले, मंत्रिमंडळात राहिले. सरकारचा युक्तिवाद असा की दलित बहिणींनाही हा लाभ मिळतोच. मिळायलाच हवा, पण नागरिक म्हणून, सर्वांच्या तिजोरीतून. तिच्या मुलीच्या शिष्यवृत्तीतून काढून तिच्याच हातावर दीड हजार ठेवायचे, याला लाभ कसला म्हणता? कर्नाटकाने २०१३ मध्ये कायदा करून या निधीला कुंपण घातले. कायद्यातल्या पळवाटांवरून तिथेही वाद होतात, पण निदान कायद्यावर बोट ठेवून भांडता तरी येते. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेऊन भाषण सुरू करणाऱ्या महाराष्ट्रात तेवढ्या कायद्यासाठीसुद्धा मागणीच करत बसावे लागते.

तेव्हा तरुण मित्रांनो, वाहिनीवर १३.३ विरुद्ध १५.२ चा सामना लागला की टाळ्या कुणासाठी वाजवायच्या, या फंदात पडू नका. २०१६ मध्ये आपल्याच शहरात मंत्रिमंडळ बसले, सुमारे ४९ हजार कोटी जाहीर झाले. २०२३ मध्ये पुन्हा बसले, ४५ हजार कोटींहून अधिक जाहीर झाले. या दोन्हींतले तुमच्या तालुक्यात किती आले, त्यातले वस्तीत किती खर्च झाले, हे जिल्हा नियोजन समितीला लेखी विचारा. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना अनुसूचित जाती उपयोजनेचा तालुकावार खर्च आणि परत गेलेला निधी मागा. कामगार उपायुक्तांकडे कंत्राटी कामगारांची नोंद मागा. येत्या जनगणनेत जात मोजली जाणार आहे. तिच्याबरोबर जमीन आणि नोकरीचा प्रकारही जातवार छापला जावा, अशी निवेदने आतापासून द्या. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.

जय भीम.