७७७ हे औषध नव्हे

व्हर्च्युअल मशीनमधे शेअर्ड फोल्डर माउंट झाला नाही की आपण बहुतेक सगळे एकाच क्रमाने वागतो. आधी रीस्टार्ट. मग गूगल. मग मिळेल त्या कमांडचं चोप्य-पस्ते, पुढे सुडो लावून. आणि तरीही नाहीच जमलं तर हुकमाचा एक्का, सीएचमॉड ७७७! सगळ्यांना सगळं उघडं, विषय संपला.

यात वेळ जातो हे आहेच, पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. फोल्डर का उघडत नव्हता हे न कळताच तो उघडला, तर आपण नक्की काय उघडं टाकलं तेही कळत नाही.

मुळात हा प्रकार काय आहे ते बघू. गेस्टला, म्हणजे आतल्या मशीनला, होस्टची डिस्क दिसत नाही. त्याची आपली स्वतःची व्हर्च्युअल डिस्क असते. शेअर्ड फोल्डर ही डिस्क नसून निरोप्या आहे. गेस्टमधला ड्रायव्हर चिठ्ठी घेऊन होस्टकडे जातो, 'या फाइलमधे काय आहे?' विचारतो आणि उत्तर घेऊन येतो. म्हणजे गडबड तीनच प्रकारची असू शकते. निरोप्याच नाही, पत्ता चुकलाय, किंवा निरोप्या पोचलाय पण तुम्हाला आत सोडत नाहीयेत. आणि गंमत म्हणजे यातलं काय झालंय हे एरर मेसेज बहुतेक वेळा सरळ सांगतो. आपण तो न वाचताच गूगलमधे टाकतो!

नेहमीचं उदाहरण घ्या. विंडोज होस्ट, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स, आत लिनक्स.

'अननोन फाइलसिस्टिम टाइप' असा मेसेज आला तर निरोप्याच गायब आहे. गेस्ट अ‍ॅडिशन्स टाकलेले नाहीत, किंवा काल कर्नल अपडेट झाला आणि जुन्या कर्नलसाठी बांधलेलं मॉड्यूल नव्यात लोड होत नाहीये. मग कर्नल हेडर्स आणि कंपायलर आहेत ना ते बघून मॉड्यूल पुन्हा बांधायचं. २०२० मधे आलेल्या लिनक्स ५.६ पासून व्हीबॉक्सएसएफ ड्रायव्हर कर्नलच्या सोर्समधेच आहे, पण तुमच्या डिस्ट्रोने तो कर्नलमधे घेतलाय की नाही हा वेगळा प्रश्न. एलएसमॉड चालवा, यादीत नसेल तर मॉडप्रोब करून बघा, दोन मिनिटांत कळेल.

'प्रोटोकॉल एरर' आला तर बहुधा पत्ता चुकलाय. माउंट कमांडला होस्टवरचा सी ड्राइव्हचा लांबलचक पाथ नको असतो, सेटिंग्जमधे त्या शेअरला दिलेलं नाव हवं असतं. तेच नाव, जसंच्या तसं.

आणि 'परमिशन डिनाइड' आला तर अभिनंदन, माउंट झालेलं आहे! ऑटोमाउंट केलेल्या फोल्डरचा मालक असतो रूट आणि ग्रुप असतो व्हीबॉक्सएसएफ. तुमचा युजर त्या ग्रुपमधे घाला, लॉगआउट करा आणि परत लॉगिन करा. हे लॉगआउट राहून जातं म्हणून कितीतरी लोक 'केलं की, तरी चालत नाही' म्हणत पुढच्या कमांडकडे वळतात. ७७७ ने इथे काही होत नाही, कारण या फोल्डरच्या परवानग्या माउंट करतानाच्या यूआयडी, जीआयडी वगैरे ऑप्शन्सनी ठरतात. रोग एकीकडे आणि मलम दुसरीकडे.

खरा धोका यापुढे आहे. ७७७ लागू पडलं नाही की माणूस वैतागतो आणि थेट अख्खा सी ड्राइव्ह किंवा होम फोल्डर शेअर करून टाकतो, तोही लिहिण्याच्या परवानगीसकट. 'व्हीएम तर आहे, उडालं तर उडालं, स्नॅपशॉट आहे ना!' असा एक ठाम गैरसमज असतो. स्नॅपशॉट गेस्टच्या व्हर्च्युअल डिस्कचा असतो, शेअर्ड फोल्डरचा नाही. आत चुकून आरएम चालवलं तर होस्टवरच्या फाइल्स जातात, आणि विंडोजच्या रीसायकल बिनमधेही सापडत नाहीत. आत आलेलं एखादं रॅन्समवेअरही हाच रस्ता वापरू शकतं.

रस्ता नीट बांधलेला असेल असंही धरून चालू नका. २००८ मधे व्हीएमवेअरच्या शेअर्ड फोल्डर सोयीत एक दोष उघड झाला होता. विंडोज होस्टवर गेस्टमधला प्रोग्रॅम शेअर केलेल्या फोल्डरच्या बाहेर पडून होस्टच्या इतर फाइल्सपर्यंत पोचू शकत होता. दोष दुरुस्त झाला. पण व्हीएम म्हणजे भिंत, शेअर्ड फोल्डर म्हणजे त्या भिंतीला आपण स्वतः पाडलेलं भोक, हे त्याने चांगलंच दाखवून दिलं. भोक लागेल तेवढंच पाडावं. एका प्रोजेक्टचा एकच फोल्डर, आणि फक्त वाचायचं असेल तर रीड-ओन्ली.

आता कोणी म्हणेल, 'आम्ही कंटेनरवाले, आम्हाला काय त्याचं?' बाबांनो, विंडोज आणि मॅकवर डॉकर डेस्कटॉपच्या पोटात लिनक्सचं व्हर्च्युअल मशीनच चालतं. डब्ल्यूएसएल २ मधून सी ड्राइव्हवरच्या फाइल्स वापरता तेव्हाही मधे निरोप्या असतोच. म्हणून तर लिनक्सची टूल्स वापरणार असाल तर प्रोजेक्ट लिनक्सच्या फाइलसिस्टिममधेच ठेवा, जास्त वेग मिळेल, असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं. नावं बदलली, प्रश्न तेच राहिले.

'डेडलाइन डोक्यावर असताना कोण वाचत बसणार' हा युक्तिवादही मला पटत नाही. निरोप्या आहे का, पत्ता बरोबर आहे का, आत सोडतात का, हे तीन प्रश्न विचारायला पाच मिनिटं पुरतात. अंदाजपंचे चोप्य-पस्ते करण्यात अख्खी दुपार जाते, आणि शेवटी चाललंच तर ते कशामुळे चाललं हे सांगता येत नाही. पुढच्या कर्नल अपडेटला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तेव्हा टीममधे कोणी 'फोल्डर दिसत नाहीये रे' म्हणत आलं तर लगेच कमांड फेकू नका. एवढंच विचारा, 'मेसेज काय आलाय, वाचून दाखव.' बऱ्याचदा वाचता वाचताच त्याचं त्याला कळतं :)