चकाकी पाण्यातून येते
घरच्या अंगणात स्वतः रंगवलेली गाडी पहिल्या दिवशी मनासारखी दिसत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातली जुनी प्रीमियर पद्मिनी असो की मारुती ८००, स्प्रेगनमधून उडालेला रंग नीट पसरण्याआधीच सुकला, तर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो. निराश होऊ नका. खरं काम इथून पुढे आहे. रंग पुरता कडक होऊ द्या. मग १५०० नंबरचा वॉटर पेपर बादलीत भिजवून, रबरी ठोकळ्याला गुंडाळून हलक्या हातानं फिरवा. पाण्यात साबणाचे दोन थेंब हवेतच, नाहीतर पेपर रंगानं भरतो आणि ओरखडे काढतो. सगळी चकाकी जाऊन पत्रा दुधी, निस्तेज दिसू लागला की बरोबर चाललंय. मला तर हाच क्षण सर्वांत आवडतो. त्यावर २००० चा पेपर, मग रबिंग कंपाउंड. बफिंग मशीन सावलीत, कमी वेगावर आणि सतत हलतं ठेवा. एका जागी थांबलं की रंग तापून जळतो. बॉनेटच्या आणि दारांच्या कडांवर रंग सर्वांत पातळ असतो. तिथं मास्किंग टेप लावा आणि शेवटी हातानंच घासा. कडेचा रंग एकदा उडाला, की तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो.