'निर्जीव' खेळपट्टीचा कर्ता कोण?

मराठी क्रीडासमीक्षेने वापरून वापरून गुळगुळीत केलेल्या विशेषणांत 'निर्जीव' या विशेषणाचा क्रमांक बराच वरचा लागावा. कसोटी अनिर्णित राहिली की 'खेळपट्टी निर्जीव निघाली' असे लिहून वार्ताहर मोकळा होतो. यातले 'निघाली' हे क्रियापद मोठे सोयीचे आहे. पेटीतला आंबा नासका निघावा, तशी खेळपट्टी निर्जीव निघते. ती तशी कोणी केली, असे नसते. वाक्यातून करणारा गाळला की जाब विचारायला कोणी उरत नाही. व्याकरणाच्या आडोशाने जबाबदारी टाळण्याचा हा प्रकार निदान भाषेच्या अभ्यासकांनी तरी चालवून घेऊ नये, असे आम्हांस वाटते.

भारतीय संघाचा २००६ च्या जानेवारीतला पाकिस्तान दौरा हे या टाळाटाळीचे आमच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण आहे. तीन कसोटी सामने, लाहोर, फैसलाबाद आणि कराची. पैकी पहिल्या दोहोंची गणना कसोटी क्रिकेटच्या कंटाळवाण्या सामन्यांत होते, आणि तरीही त्यांतील धावांचे आकडे आजही कौतुकाने सांगितले जातात. कंटाळा आणि कौतुक यांची ही सोयरीक कशी जुळली, हे एकदा तपासलेच पाहिजे.

लाहोरला पाकिस्तानने ७ बाद ६७९ वर डाव घोषित केला. चौघांनी शतके काढली. युनुस खान १९९ वर धावचीत झाला, एवढेच काय ते नाट्य. उत्तरादाखल भारताने १ बाद ४१० केल्या. वीरेंद्र सेहवाग २४७ चेंडूंत २५४, राहुल द्रविड नाबाद १२८. सामना संपला तेव्हा १०८९ धावांच्या बदल्यात एकूण ८ गडी बाद झालेले होते. दर बळीमागे १३६ धावा! एखाद्या नाटकात पाच दिवस पडदा वर असावा आणि रंगमंचावर नायकाखेरीज कोणी येऊच नये, तसा हा प्रकार. आपल्या साहित्यशास्त्राला प्रतिनायकाचे महत्त्व पुरते ठाऊक आहे. रावण वजा केला की रामायणात वनविहाराचे वर्णन तेवढे उरते.

या सामन्यातली एक चुटपूट त्या वेळी फार गाजली. विनू मंकड आणि पंकज रॉय यांच्या ४१३ धावांच्या सलामीच्या विक्रमाला सेहवाग-द्रविड जोडी ३ धावांनी मुकली. (तो विक्रम पुढे २००८ मध्ये मॅकेंझी आणि ग्रॅएम स्मिथ यांनी मोडला.) पण या दोन भागीदाऱ्या एका तराजूत घालणाऱ्यांनी मद्रासच्या १९५६ च्या त्या सामन्याचा उत्तरार्ध वाचलेला नसावा. ३ बाद ५३७ वर डाव सोडून भारताने न्यूझीलंडला २०९ आणि २१९ धावांत गुंडाळले व सामना एक डाव आणि १०९ धावांनी जिंकला. त्या मालिकेत सुभाष गुप्ते या मुंबईकर लेगस्पिनरने ३४ बळी घेतले होते. मंकड-रॉय यांच्या ४१३ धावांना जो अर्थ आहे, तो गुप्त्यांच्या बोटांनी आणि मनगटाने दिलेला आहे. लाहोरच्या ४१० धावांना असा अर्थ देणारे कोणी नव्हते. त्या धावा झाल्या आणि तिथेच थांबल्या.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले आहे. खेळपट्टीच अशी होती, गोलंदाज बिचारे काय करणार? हे उत्तर आम्हांस दोन कारणांनी मान्य नाही.

पहिले कारण असे की खेळपट्टी ही निसर्गाची देणगी नसून केलेली वस्तू आहे. चिकणमाती किती, पाणी किती आणि कधी, रोलर किती फिरवायचा, गवत किती राखायचे, हे सारे माणसे ठरवतात. गवत थोडे राखले तर शिवणीवर पडलेला चेंडू इकडेतिकडे हलतो. गवत पार खरवडून माती रोलरने दाबून टणक केली, की पहिले दोन दिवस फलंदाजांचे; मात्र उन्हाने ती माती वाळून भेगाळते आणि चौथ्या दिवसापासून फिरकीचे राज्य सुरू होते. आपल्याकडील खेळपट्ट्यांचा हा परिचित जीवनक्रम. पण त्याला ऊन लागते! जानेवारीतल्या पंजाबात सकाळी धुके, दुपारी कोवळे ऊन आणि संध्याकाळी लवकर मावळणारा उजेड. गवत काढलेले असल्याने वेगवान गोलंदाजाला काही नाही, आणि माती फुटत नसल्याने फिरकीलाही काही नाही. अशा महिन्यात लाहोर आणि फैसलाबाद ही स्थळे योजणारा आणि वर तिथले गवत काढवणारा, हे दोघेही त्या निर्जीवतेचे कर्ते आहेत. अपुऱ्या उजेडाने लाहोरचे कितीतरी तास खाल्ले, ते वेगळेच.

फैसलाबादची कीर्ती तर जुनी. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेत पाकिस्तानने कराचीची कसोटी फिरकीच्या जोरावर जिंकली; इक्बाल कासिमने त्या सामन्यात ११ बळी घेतले. आघाडी मिळाली आणि पुढच्या दोन्ही खेळपट्ट्यांनी जणू डोळे मिटले. फैसलाबादला ऑस्ट्रेलियाच्या अकराही खेळाडूंनी गोलंदाजी केली, यष्टिरक्षक रॉडनी मार्शसुद्धा. डेनिस लिलीसारख्या गोलंदाजाला त्या सबंध मालिकेत ३ बळी मिळाले. फैसलाबादला एकही नाही. त्या सामन्यात २३५ धावा काढणारा ऑस्ट्रेलियाचा कर्णधार होता ग्रेग चॅपेल. सव्वीस वर्षांनी तोच चॅपेल भारताचा प्रशिक्षक म्हणून त्याच मैदानावर आला होता. या मैदानाचा स्वभाव त्याच्याइतका कोणाला ठाऊक असणार? तरीही भारताने काय तयारी केली होती, हा प्रश्न उरतोच.

आणि तेच आमचे दुसरे कारण. खेळपट्टी मेलेली असते तेव्हा संघनिवडीची परीक्षा अधिक कडक होते. लाहोरला भारताने सात फलंदाज आणि चार गोलंदाज खेळवले. सौरव गांगुलीला अकरांत जागा हवी म्हणून कर्णधार द्रविड स्वतः सलामीला गेला; वासिम जाफर आणि गौतम गंभीर हे दोन सलामीवीर संघाबरोबर असून बाहेर बसले. द्रविडने शतक काढल्यामुळे ही तडजोड शहाणपणाची ठरली, असे पुष्कळांनी लिहिले. आमच्या मते शतकाने ती फक्त झाकली. ज्या खेळपट्टीवर चौघांच्या हातून वीस गडी बाद होणे अशक्य, तिथे पाचवा गोलंदाज न घेणे म्हणजे नाणेफेकीपूर्वीच बरोबरीच्या करारावर सही करणे होय. त्यातही त्या थंड, न फुटणाऱ्या मातीवर कुंबळे आणि हरभजन असे दोन फिरकी गोलंदाज! शाहीद आफ्रिदीने हरभजनला लागोपाठ चार षटकार मारले, ते सर्वांना आठवते. पहिल्या दोन कसोटींत मिळून हरभजनला एकही बळी मिळाला नाही, हे कमी जणांना आठवते.

फैसलाबादला चूक सुधारण्याच्या भरात दुसरी चूक झाली. पाच गोलंदाज घेतले खरे. पण तीन वेगवान गोलंदाज इरफान पठाण, झहीर खान आणि पदार्पण करणारा आर. पी. सिंग. तिघेही डावखुरे, तिघांचा वेग साधारण सारखा, तिघांचा चेंडू येण्याचा कोन एकच. फलंदाजाला तास-दीड तासात एक सवय झाली की ती दिवसभर पुरते. पाकिस्तान ५८८, भारत ६०३, पुन्हा पाकिस्तान ८ बाद ४९०, भारत बिनबाद २१. एकूण १७०२ धावा आणि सहा शतके. गंमत अशी की सामन्याचा मानकरी ठरला तो ५ बळी घेणारा नवखा आर. पी. सिंग. शतकांच्या त्या गर्दीत पंचांपलीकडच्या कोणाला तरी गोलंदाजाची किंमत कळली होती, म्हणायचे.

पाकिस्तानची निवडही काही वेगळ्या मातीची नव्हती. मोहम्मद आसिफला त्यांनी लाहोरला खेळवलेच नाही.

कराचीला मात्र गवत राखलेले होते. द्रविडने नाणेफेक जिंकून पाकिस्तानला फलंदाजी दिली आणि पठाणने पहिल्याच षटकाच्या अखेरच्या तीन चेंडूंवर सलमान बट, युनुस खान आणि मोहम्मद युसुफ यांना बाद केले. कसोटीच्या पहिल्याच षटकात त्रिक्रम, असे पूर्वी कधी घडलेले नव्हते. पाकिस्तान ६ बाद ३९. दोन आठवडे ज्याला निर्जीव म्हटले जात होते तो खेळ तासाभरात जिवंत झाला, तेच खेळाडू असून!

पण इथे पुन्हा भारताकडे गोलंदाज चारच. गांगुलीची मध्यमगती धरली तर फार तर साडेचार. पाकिस्तानकडे आफ्रिदी आणि रझाक यांच्यामुळे फलंदाजी न घटवता पाच. कामरान अकमलने ११३ धावा काढून डाव २४५ पर्यंत नेला. दुसऱ्या डावात दमलेल्या त्याच चौकडीसमोर पाकिस्तानच्या पहिल्या सातही फलंदाजांनी पन्नाशी ओलांडली आणि ७ बाद ५९९ झाल्या. आसिफने सामन्यात ७ बळी घेतले, रझाकनेही ७. भारत ३४१ धावांनी हरला, तोही चार दिवसांत. बरोबरीसाठी संघ निवडण्याची सवय लागलेला कर्णधार, विजय दारात येऊन उभा राहिला तेव्हा दार उघडायला माणूसच शोधत राहिला.

म्हणून आमच्या लेखी अकमलच्या त्या ११३ धावा सेहवागच्या २५४ हून मोठ्या आहेत. सेहवागच्या प्रतिभेविषयी शंका नाही. पण प्रतिभेला कशाशी झुंजावे लागले, हे विचारल्याविना मूल्यमापन करणे म्हणजे पृष्ठसंख्या मोजून कादंबरीची थोरवी ठरवणे. हा रोग क्रिकेटपुरता नाही, हे या पानांच्या वाचकांना निराळे सांगायला नको.

'लोकांना धावा हव्या असतात' हा युक्तिवाद आम्ही फार मनावर घेत नाही. लोकांना कराची अधिक आठवते, एवढे त्याला उत्तर पुरे.

मेलेल्या मातीवर जिंकता येते का, असे कोणी विचारील. येते. २०२२ च्या मार्चमध्ये रावळपिंडीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाच दिवसांत १४ गडी बाद झाले आणि आयसीसीने ती खेळपट्टी सरासरीपेक्षा खालच्या दर्जाची ठरवली. त्याच मैदानावर त्याच वर्षी डिसेंबरात इंग्लंडने पहिल्या दिवशी ५०६ धावा काढल्या आणि चौथ्या दिवशी डाव सोडून पाकिस्तानपुढे ३४३ चे आव्हान ठेवले. हरण्याचा धोका पत्करून. पाचव्या दिवसाच्या मावळत्या उजेडात अँडरसन आणि रॉबिन्सन यांनी दुसऱ्या डावात चार-चार बळी घेऊन तो सामना ७४ धावांनी जिंकून दिला. १७६८ धावांचा सामना, म्हणजे फैसलाबादहून अधिक, आणि तरीही कोणी त्याला कंटाळवाणा म्हटले नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात तर पाकिस्ताननेच आमची बाजू सिद्ध केली. मुलतानला पहिल्या डावात ५५६ काढून ते इंग्लंडच्या ७ बाद ८२३ समोर डावाने हरले. पुढची कसोटी त्याच मुलतानला, त्याच वापरलेल्या पट्टीवर खेळवली. शाहीन आफ्रिदी आणि नसीम शाह बाहेर, साजिद खान आणि नोमान अली आत. या दोघांनी मिळून इंग्लंडचे वीसही गडी बाद केले. मग रावळपिंडीला खेळपट्टी वाळावी म्हणून मोठाले पंखे आणि हीटर लावण्यात आले, आणि मालिका पाकिस्तानने २-१ अशी जिंकली. वर्षानुवर्षे जी माती निर्जीव 'निघत' होती, ती पंखे लावताच बोलू लागली. ही टोकाची फिरकी आम्हांस फारशी आवडली असे नाही. पण निदान तिथे वाक्याला कर्ता होता, आणि त्याने आपले नाव लपवले नाही.

फैसलाबादला मात्र २००६ च्या जानेवारीनंतर कसोटी सामना झालेला नाही. त्याची कारणे खेळपट्टीबाहेरची आहेत. तिथल्या मातीने घेतलेल्या शेवटच्या कसोटीची धावपत्रिका तेवढी शिल्लक आहे: १७०२ धावा, २८ बळी, सामना अनिर्णित.