सहल कुणाची?



संपादकीयासाठी हा विषय काहीजणींना हलका वाटेल. परित्यक्तांचे प्रश्न, ऊसतोड करणाऱ्या बायकांची काढून टाकलेली गर्भाशयं, शेतकरी विधवेच्या नावावर न चढणारा सातबारा हे सगळं समोर असताना लेकरांना घेऊन वॉटरपार्कला जाण्याबद्दल काय लिहायचं? पण बाईच्या श्रमाबद्दल आपली चळवळ गेली पन्नास वर्षं बोलते आहे. तिच्या विसाव्याबद्दल, तिच्या खेळण्याबद्दल मात्र आपण फारसं बोललो नाही. आणि मला असं वाटतं, की घरातल्या श्रमविभागणीचा खरा हिशेब सुट्टीच्या दिवशीच उघडा पडतो.

मुंबईत गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, १९९८ मध्ये त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आलं. तेव्हा आपल्या भागातली लेकरं ते फक्त टीव्हीवरच्या जाहिरातीत बघायची. हिंगोली जिल्हाच मुळी १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. इथल्या कुटुंबाची वर्षाची सहल म्हणजे महाशिवरात्रीला औंढा नागनाथ, नाहीतर हिंगोलीचा दसरा आणि त्यातला आकाशपाळणा. आता मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या गावांभोवतीही छोटी वॉटरपार्कं उभी राहिली आहेत. शेताच्या कडेला दोन-तीन तलाव, रंगीत घसरगुंड्या, झाडाखाली मुक्कामाला तंबू. मे महिन्यात वसमत, कळमनुरी, सेनगावकडून जीपगाड्या भरून माणसं निघतात. चांगलं आहे. लेकरांना मजा हवीच.

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घरातले आम्ही बारा जण असेच गेलो होतो. चार बायका, तीन पुरुष आणि नऊ वर्षांपर्यंतची पाच लेकरं. तिथं जे पाहिलं ते आपल्यापैकी अनेकींनी पाहिलेलं असेल, म्हणूनच सांगते.

जाऊबाई पहाटे चारला उठल्या. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लेकरांचे दोन-दोन जोड कपडे, टॉवेल, औषधं. बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई निघाली, तेव्हा फाटकाबाहेर लिंबाखाली सगळ्यांना वाढून त्यांनी डबे पुन्हा गाडीत भरले. आत साडी नेसून किंवा सुती कपड्यांत पाण्यात उतरता येत नाही, नायलॉनचे कपडे भाड्याने घ्यावे लागतात. पुरुष पाच मिनिटांत कपडे बदलून घसरगुंडीच्या जिन्यावर पोहोचले. आम्हा चौघींपैकी एकीची पाळी होती. एकीचे सासरे सोबत होते, त्यांच्यासमोर अंगाला चिकटणारे कपडे कसे घालायचे? जाऊबाईंच्या कडेवर दीड वर्षाचं लेकरू. "तुम्ही जावा, मी बघते लेकरांकडं," त्या म्हणाल्या. पत्र्याच्या शेडखाली बसलेल्यांत पुरुष शोधूनच काढावे लागत होते. बाकी सगळ्या बायका. प्रत्येकीच्या मांडीवर सहा जणांच्या पर्सा, मोबाईल, चष्मे, चपलांची पिशवी. शेजारी बसलेली एक अनोळखी बाई हसून म्हणाली, "तिकीट पूर्ण भरलंय, पण पाय सुद्धा भिजला नाही बघा."

नऊ वर्षांच्या पुतणीने आईला विचारलं, "आई, तुला पाण्याची भीती वाटते का?" जाऊबाई म्हणाल्या, "रोज पाण्यातच तर असते मी."

या उत्तरावर आपण जरा थांबलं पाहिजे. हापशावर, टँकरच्या रांगेत, कयाधूच्या काठी धुणं घेऊन, भांड्यांच्या ढिगाशी, उन्हाळ्यात दोन-दोन खेपा करताना बाईचा हात पाण्याबाहेर असतो कधी? पण हे सगळं पाणी कामाचं आहे. वाहून आणायचं, भरून ठेवायचं, पुरवून वापरायचं. अंगावर उधळायचं पाणी तिच्या वाट्याला येत नाही. वॉटरपार्कच्या काठावरही ती कामावरच असते, फक्त जागा बदललेली असते.

हे केवळ आमच्या घरचं निरीक्षण नाही. केंद्र सरकारची वेळ-वापर पाहणी २०१९ मध्ये झाली. घरातलं बिनमोलाचं काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि हे काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. स्त्रियांची मिनिटं २८९ झाली. आपलं ओझं दहा मिनिटांनी उतरलं म्हणावं, तर पुरुषांचीही ८८ झाली. म्हणजे आपल्या हातातून सुटलेलं काम त्यांनी उचललं असं झालेलं नाही. लेकरं, म्हातारी, आजारी माणसं सांभाळण्याचा वेळ यात धरलेलाच नाही, तो वेगळा मोजला आहे. सहलीचा दिवस या हिशेबात कुठे बसतो? घरच्यांच्या लेखी तो आरामाचा. बाईच्या लेखी पहाटे चारपासून रात्री ओले कपडे वाळत घालेपर्यंतचा.

कुणी म्हणेल, बायकांनाच आवडत नाही खेळायला. हे खरं नाही. नागपंचमीचे झोके आणि फेर, मंगळागौरीचे खेळ, भुलाबाईची गाणी हे सगळं कुणी रचलं? श्वास लागेपर्यंत फुगडी खेळणारी बाई खेळकर नसते का? पण आपल्या खेळाला तिथी ठरवून दिलेली होती, माहेरचं अंगण लागायचं आणि बहुधा देवाचं निमित्त लागायचं. निमित्ताशिवाय, आपल्याला वाटलं म्हणून, चारचौघांत खेळणाऱ्या बाईला 'शोभतं का?' असं विचारलं जातं. लेकरं झाल्यावर तर खेळ म्हणजे लेकरांना खेळवणं, एवढंच उरतं. वॉटरपार्कमध्ये या 'शोभतं का'ला आणखी जोर चढतो. भिजलेलं अंग, परक्यांच्या नजरा, हातोहाती असलेले मोबाईलचे कॅमेरे, कडी नसलेली कपडे बदलायची खोली. मग बाई म्हणते, नकोच ते. आणि घरचे म्हणतात, तिला आवड नाही.

इथवर प्रश्न आनंदाचा होता. आता जिवाचा.

आपल्या गावांत मुलगे पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. मुलगी जरा मोठी झाली की तिचं विहिरीत उतरणं बंद होतं. पुढे धुणं धुताना एकीचा पाय घसरतो, तिला वाचवायला दुसरी उडी घेते, आणि दोघीही जातात. अशी बातमी आपण वर्तमानपत्रात किती वेळा वाचली आहे! राज्यात २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. शेततळ्यांनी पिकांना आधार दिला, पण प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावर पाय ठरत नाही आणि पडलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही. देशात दर वर्षी तीस हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार पाच ते चौदा वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडण्याचा क्रमांक जगात तिसरा आहे.

आता वॉटरपार्कचा काठ पुन्हा आठवा. ज्यांना पोहता येतं ते घसरगुंडीवर, आणि जिला पोहता येत नाही ती राखणीला! बुडणारं लेकरू हाका मारत नाही, पाणी उडवत नाही. ते गुपचूप खाली जातं, गुडघाभर पाण्यातही जातं. लहान लेकरू पाण्यात असेल तर मोठ्या माणसाने हात पोहोचेल एवढ्या अंतरावर, पाण्यातच असायला हवं. शेडखालून, मांडीवर सहा पर्सा घेऊन ही राखण होत नाही. आणि काही वाईट घडलंच, तर 'आईचं लक्ष कुठं होतं?' हा प्रश्न मात्र ठरलेला असतो. बापाचं लक्ष कुठं होतं, हे कुणी विचारत नाही.

एक रास्त आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्यात वॉटरपार्क हवंच कशाला? त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले होते. मौजेसाठी पाणी कुठून आणता, हे विचारलंच पाहिजे. पूर्णेवर सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर अशी धरणं असूनही जिल्ह्यातल्या बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरलेला नाही. तेव्हा ग्रामसभेत उठून हा हिशेब जरूर मागा. प्यायला पाणी नसेल त्या काळात तलाव भरू नयेत, असं ठणकावून सांगा. पण टंचाईची किंमत बाईच्या आनंदातूनच वसूल करायची, हे मला मान्य नाही. ज्यांच्या डोक्यावर हंडा, त्यांनीच काठावर बसायचं हा न्याय कुठला? आणि ज्यांना तिकीटच परवडत नाही त्यांचं काय? त्यांना पोहणं शिकायचा आणि निवांत बसायचा हक्क तिकिटाशिवाय मिळाला पाहिजे.

मी हक्क हा शब्द मुद्दाम वापरते आहे. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातलं २४ वं कलम प्रत्येकाला विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क देतं. याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष'ऐवजी 'सर्व माणसं' असे शब्द यावेत म्हणून आपल्या हंसा मेहता भांडल्या होत्या. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या कराराला भारताने १९९३ मध्ये मान्यता दिली. त्याच्या १३ व्या कलमात करमणूक आणि खेळ यांतला समान हक्क लिहिलेला आहे. बालहक्क करार लेकरांना खेळण्याचा हक्क देतो. लेकराचा हक्क आईने पुरवायचा, आणि आईचा हक्क कुणी पुरवायचा?

आमच्या सहलीत शेवटी मी धाकट्या दिरांच्या हाती ते दीड वर्षाचं लेकरू दिलं आणि जाऊबाईंना भाड्याचे कपडे आणून दिले. लेकरू थोडा वेळ रडलं, मग गप्प झालं. दिरांना काही झालं नाही. जाऊबाई तासभर कमरेएवढ्या पाण्यात होत्या. एवढंच. पण हा तास मागून घ्यावा लागला, आणि तो मागायला कुणीतरी दुसरी सोबत लागली, हे मला महत्त्वाचं वाटतं. घराघरांत एकेकटीने मागणं अवघड आहे. म्हणून हे गटांचं काम आहे.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक प्रश्न विचारून पाहा: गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतःसाठी कधी खेळलात? उत्तरं लिहून ठेवा. बचत गटाची वर्षातून एक सहल फक्त बायकांची ठेवा, त्या दिवशी लेकरं बापांकडे राहू द्या. घरची सहल असेल तर निघण्यापूर्वीच लेकरं सांभाळण्याच्या पाळ्या घड्याळ लावून ठरवा, पाण्यातली राखण पोहता येणाऱ्याकडे द्या. मे महिन्यात गावातल्या मुलींनाही मुलग्यांबरोबर पोहायला शिकवा. नगरपरिषदेकडे आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे मुलींसाठी, बायकांसाठी वेगळी वेळ आणि शिकवायला बाई मागा. शेततळ्याला कुंपण आणि पाण्यात सोडलेला गाठीचा दोर असायलाच हवा, हे ग्रामसभेत मांडा. वॉटरपार्कच्या मालकांना भेटून कडी लागणारी खोली, सर्व मापांचे अंगभर कपडे, स्त्री जीवरक्षक आणि फोटो काढण्यावर बंदी, एवढं तरी मागा.

या मागण्या लहान दिसतात. पण ज्या घरात बाप तासभर लेकरू सांभाळतो आणि आई पाण्यात उतरते, त्या घरातल्या मुलीला समानतेचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. तुमच्या गटात काय ठरलं, कुठे अडलं, कोण हसलं, कोण रागावलं, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्या पत्रांसाठी जागा राखून ठेवत आहोत.