एल-वाय लावा, पण अर्थ पाहून!



बी.कॉम. झाल्यावर मी नोकरीसाठी इंग्रजीत पहिला अर्ज लिहिला. 'मी कष्टाने काम करीन' असे म्हणायचे होते. विशेषणाला 'एल-वाय' लावले की क्रियाविशेषण होते, एवढे शाळेत शिकलो होतो. म्हणून 'हार्ड'चे 'हार्डली' केले. साहेबांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि सगळे ऑफिस हसले. कारण 'हार्डली' म्हणजे 'जवळजवळ नाहीच'. मी काम करणारच नाही, असे मीच लिहून दिले होते! ते हसू आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून आजचा धडा.

क्रिया कशी घडली हे सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण. मराठीत 'शांत'चे 'शांतपणे' होते, तसे इंग्रजीत 'स्लो'चे 'स्लोली' होते. मात्र स्पेलिंग सांभाळा.

१) शेवटी 'वाय' व त्याआधी व्यंजन असेल तर बहुधा 'वाय'चा 'आय' होतो : हॅपी - हॅपिली.
२) शेवटी व्यंजनानंतर 'एल-ई' असेल तर 'ई' काढून 'वाय' लावा : सिम्पल - सिम्प्ली.
३) शेवटी 'आय-सी' असेल तर 'ए-एल-एल-वाय' लावा : बेसिक - बेसिकली. 'पब्लिक' हा अपवाद. त्याला नुसते 'एल-वाय'.

काही शब्द बदलतच नाहीत. 'वर्क हार्ड', 'रन फास्ट' हेच बरोबर. 'लेट' म्हणजे उशिरा, पण 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'गुड'चे 'वेल' होते. 'फ्रेंडली'च्या शेवटी 'एल-वाय' असूनही ते विशेषणच आहे.

आता घरातले संविधान उघडा. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले. त्याच्या इंग्रजी उद्देशिकेत 'सॉलम्ली' हा शब्द आहे. 'सॉलम' म्हणजे गंभीर. त्याच्या शेवटचा 'एन' ऐकू येत नाही, पण लिहिताना गाळू नका. भारताच्या लोकांनी निर्धार केला. कसा केला? गंभीरपणे. एका शब्दाने निर्धाराला केवढे वजन आले पाहा!

माता-भगिनींनो, इंग्रजी येत नसले तरी अभ्यास घेता येतो. मुलाला वाक्य वाचायला सांगा, अर्थ विचारा आणि पुढे एकच प्रश्न करा : 'कसे?' त्याचे उत्तर देणारा शब्द त्याने शोधला की धडा पक्का झाला.

जयभीम!