मुंबई एका तासावर? कुणाच्या घड्याळात?

परवा एका ग्रुपवर कुणीतरी मोठ्या कौतुकानं टाकलं होतं, ‘आता कोल्हापूर-मुंबई फक्त एक तास!’ खाली टाळ्या, विमानं, गुलाल. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. 2024 च्या मार्चमध्ये उजळाईवाडीला नवीन टर्मिनल झालं, दगडी कमानींचं, तेव्हा मीही गाडी वळवून बघून आलो होतो.

पण हिशेब नीट करूया.

आकाशातून अंतर साधारण 310 किलोमीटर. हायवेनं 380 च्या आसपास. रेल्वेनं पाचशेच्या वर, कारण आपली गाडी मुंबईला जायचं म्हणून आधी उलटी पूर्वेला मिरजेला जाते, मग सातारा, पुणे असं करत वर चढते. म्हणजे एकाच दोन गावांमधली तीन अंतरं. ज्याचा जसा खिसा, तसं त्याचं अंतर.

मी मागच्या वर्षी वडिलांना परळला तपासणीसाठी विमानानं नेलं. घरातून उजळाईवाडी अर्धा तास. दीड तास आधी पोचलो, म्हातारं माणूस बरोबर, धावपळ नको म्हणून. हवेत एक तास. उतरून बॅग घेईपर्यंत अर्धा तास, आणि सांताक्रूझवरून परळ ट्रॅफिकमध्ये एक तास. झाले साडेचार. त्यातला उडण्याचा फक्त एक! तरीही सांगतो, वडिलांना ते मानवलं. आदल्या खेपेला महालक्ष्मीनं रात्रभर गेलो होतो तेव्हा सकाळी सीएसटीला उतरल्यावर त्यांच्यात रांगेत उभं राहायचंही त्राण नव्हतं. त्यामुळं विमान म्हणजे श्रीमंतांची चैन, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. आपण मुंबईला जातो कशाला? हौसेनं किती जण जातात? दवाखाना, मंत्रालय, कोर्ट. यातलं कोर्टाचं बघा. चाळीसेक वर्षं वकील मंडळी आणि पक्षकार खंडपीठासाठी भांडले. 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसायला लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांच्या माणसांचं मुंबईचं अंतर त्या दिवशी कमी झालं. एकही जादा विमान न उडवता. आजऱ्याच्या शेतकऱ्याला तारखेसाठी आदल्या रात्री निघून, वर लॉजचं भाडं भरायला लागायचं, ते गेलं.

मग हेच कॅन्सरच्या उपचारांबाबत का मागू नये? विमानतळाची धावपट्टी वाढवा म्हणून निवेदनं देतो, चांगलंच आहे. पण त्याच पुढाऱ्याला त्याच भेटीत विचारा, आमचा पेशंट परळला जाऊच नये म्हणून काय करताय?

आणि विमान द्यायचंच तर वेळ बघून द्या. सकाळी लवकर जाणारं, रात्री परत आणणारं, आठवड्याचे सातही दिवस. मधल्या दुपारी पोचवून काय उपयोग? मंत्रालयातला साहेब तोवर मीटिंगला गेलेला असतो आणि मुक्कामाचा खर्च बोडक्यावर बसतो.

तुमचा शेवटचा मुंबई प्रवास दारापासून दारापर्यंत किती तासांचा झाला, खाली लिहा. विमानवाल्यांनी टॅक्सीचा वेळ धरून लिहायचा, चिटिंग नको.