टांगता शेवट आणि प्रेक्षकाचा तर्क

दूरचित्रवाणीवरील रहस्यमालिकेचा भाग ऐन मोक्याच्या क्षणी तुटतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एस. टी. स्थानकावर, दूध संकलन केंद्रावर, महाविद्यालयाच्या आवारात त्या तुटलेल्या टोकावरून चर्चा सुरू होते. पुढे काय होणार, कोण कसा सापडणार, कोणाचा संशय खरा ठरणार, याविषयी प्रत्येकाचा एक तर्क असतो आणि त्या तर्काला आधारही असतो. मराठीच्या विभागांतून या चर्चेकडे पाहण्याची रीत मात्र ठरलेली आहे. ती करमणुकीची उपज, अभिरुचीच्या खालच्या पायरीवरची आणि म्हणून अभ्यासबाह्य, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासून पाहणे आवश्यक आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील अध्यापकांना आणि अभ्यासकांना तर ते टाळता येणारच नाही. कारण ज्या मालिकेच्या शेवटाविषयी अलीकडे महाराष्ट्रभर तर्क लढवले गेले तिची कथा याच मातीतील आहे आणि ती सर्वस्वी कल्पित नाही.

झी मराठी वाहिनीवर ऑगस्ट २०२० मध्ये ‘देवमाणूस’ ही मालिका सुरू झाली. डॉक्टर म्हणून खेड्यात वावरणारा, गावकऱ्यांच्या लेखी देव असणारा आणि आतून खुनी असलेला पुरुष तिच्या केंद्रस्थानी होता. किरण गायकवाड यांनी ती भूमिका केली. चित्रीकरण साताऱ्याच्या परिसरात झाले. बोलीही तिथलीच होती. ऑगस्ट २०२१ मध्ये मालिका संपली, परंतु न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगताना खलनायक दिसला आणि कथा मिटली, असे झाले नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरे पर्व आले, ते सप्टेंबर २०२२ मध्ये आटोपले. आणि जून २०२५ मध्ये ‘देवमाणूस – मधला अध्याय’ सुरू झाला. अखेरीनंतर ‘मधला अध्याय’ यावा, ही घटना निवेदनशास्त्राच्या अभ्यासकाने सहज सोडून द्यावी अशी नाही. ज्या कथेचा मध्य शेवटानंतर रचला जातो, तिचा शेवट हा शेवट नसून केवळ थांबा असतो.

रहस्यकथेत दोन कथा असतात, एक गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची, हे तोदोरोव्ह यांनी १९६६ च्या निबंधात दाखवले. नेहमीच्या हेरकथेत पहिली कथा दडलेली असते आणि दुसरी तिचा शोध घेते. ‘देवमाणूस’मध्ये हा क्रम उलटा आहे. गुन्हेगार कोण, हे प्रेक्षकाला आरंभापासून ठाऊक असते. ठाऊक नसते ते गावाला. त्यामुळे प्रेक्षकाचा तर्क ‘कोणी केले’ या प्रश्नाभोवती फिरत नाही. ‘हे इतरांना कधी कळणार’ आणि ‘कळल्यावर त्याचे काय होणार’ या दोन प्रश्नांभोवती तो फिरतो. पहिला प्रश्न तपासाचा आहे, दुसरा न्यायाचा. अर्थात या मालिकेविषयीची चर्चा ही केवळ कोडे सोडवण्याची हौस नव्हती. तिच्या तळाशी न्यायाची अपेक्षा होती.

अशा तर्काला साहित्यशास्त्रात स्थान नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपलेच शास्त्र पुन्हा उघडून पाहावे. भरताने नाट्याच्या पाच संधी सांगितल्या: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. विमर्शात फलप्राप्ती जवळ आलेली असते, पण विघ्नामुळे ती संशयात पडते; निर्वहणात विखुरलेले सारे धागे एकत्र येतात. टांगता शेवट म्हणजे विमर्शावर थांबवलेले आणि निर्वहण रोखून धरलेले नाट्य होय. रोखलेले निर्वहण प्रेक्षक आपल्या मनात रचतो. पाश्चात्त्य विचारात इझर यांनी संहितेतील रिक्त जागांचा जो सिद्धान्त मांडला, त्यात क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीचा आवर्जून विचार केला आहे. दोन हप्त्यांमधील सक्तीच्या विरामात वाचक लेखकाचा भागीदार बनतो, हे त्यांचे निरीक्षण. डिकन्स यांचे १८७० मध्ये निधन झाले तेव्हा ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ अर्धवट राहिली आणि तिच्या शेवटाविषयीचे तर्क हा पुढे इंग्रजी समीक्षेचाच एक विषय झाला. मराठीत हरिभाऊ आपटे यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’मधून क्रमशः येत होत्या, तेव्हा पुढच्या अंकाची वाट पाहणारे घर हे मराठी कादंबरीचे पहिले वाचनालय होते. त्या प्रतीक्षेला मान द्यायचा आणि आजच्या प्रतीक्षेची टवाळी करायची, यात सुसंगती नाही.

या दोन जिल्ह्यांचा वारसा तर या संदर्भात विशेष बोलका आहे. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये सारा कल्लोळ पात्रांच्या मनात आहे, प्रेक्षक सत्य जाणून खुर्चीवर निवांत असतो. या भूमीतील प्रेक्षकाला नाट्याची पहिली शिकवण मिळाली ती ज्ञात शेवटाची. ‘काय’ यापेक्षा ‘कसे’ यात रस घेण्याची ही सवय ‘देवमाणूस’च्या उलट्या रचनेला आपसूकच अनुकूल ठरली, असे म्हणता येईल.

याच्या शेजारी दुसरी परंपरा आहे, कलगी-तुऱ्याच्या भेदिक शाहिरीची. एका फडाने कूट टाकावे, दुसऱ्याने त्याची उकल करावी आणि जमलेल्या श्रोत्यांनी उकल होण्यापूर्वीच आपापसांत अंदाज बांधावेत, असा हा सार्वजनिक खेळ. पठ्ठे बापूरावांचे रेठरे हरणाक्ष हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे; त्यांच्या हयातीत ते सातारा जिल्ह्यात होते. सवाल-जवाब ही या मुलखाची नित्याची करमणूक होती. या खेळाला एक अलिखित अट असे: सवाल टाकणाऱ्याजवळ जवाब असला पाहिजे. समोरच्याला उत्तर आले नाही, तर ते देण्याची जबाबदारी विचारणाऱ्यावर येते. उत्तर नसलेले कूट टाकणारा शाहीर मोठा ठरत नाही, तो फसवा ठरतो. टांगत्या शेवटाची परीक्षा करण्यासाठी याहून नेमकी कसोटी परक्या सिद्धान्तात शोधावी लागू नये.

मराठी समीक्षेने ही कसोटी लावली नाही, कारण तिने रहस्यकथा हा प्रांतच ओलांडून टाकला. बाबूराव अर्नाळकर यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावे वाचनालयांच्या फाटक्या प्रतींमधून खेड्यापाड्यांत पोचली. वाचनाची गोडी त्यांनी लावली, हे प्रशस्तिपत्र समीक्षेने दिले आणि फाईल बंद केली. वाचक त्या कथा कसे वाचत होते, धागे कोठे जुळवत होते, कोणत्या शेवटावर रुष्ट होत होते, याची नोंद कोणी ठेवली नाही. तो वाचकवर्ग आता जवळजवळ नाहीसा झाला आहे. मालिकांच्या प्रेक्षकाबाबत तीच चूक पुन्हा होऊ द्यायची का, हा प्रश्न आहे.

प्रेक्षकांच्या तर्कांकडे जरा जवळून पाहिले, तर त्यांत तीन प्रकार स्पष्ट दिसतात. पहिला तर्क संहितेच्या आधारे चालतो: अमुक भागात अमुक वस्तू दाखवली, ती पुढे पुरावा म्हणून येणारच. ही रचनेची जाण आहे. दुसरा नीतीच्या आधारे चालतो: इतके करून हा सुटता कामा नये. ही काव्यगत न्यायाची मागणी आहे. तिसरा व्यवहाराच्या आधारे चालतो: मालिका लोकप्रिय आहे, तेव्हा वाहिनी याला मरू देणार नाही. ही निर्मितीव्यवस्थेची समज आहे. अक्षरशत्रू म्हणवणारी वृद्ध प्रेक्षक स्त्रीही हे तिन्ही तर्क एका दमात करू शकते. वर्गात संहिता, मूल्य आणि संस्कृतिउद्योग या तीन स्वतंत्र प्रश्नपत्रिका ज्यासाठी काढाव्या लागतात, ते येथे एका संभाषणात सामावलेले असते. ‘देवमाणूस’च्या बाबतीत यांपैकी तिसरा तर्क खरा ठरला आणि पहिल्या दोन तर्कांचा पराभव झाला. प्रेक्षकाला त्याच्या बुद्धीचे नव्हे, तर अनुभवातून आलेल्या निराशेचे बक्षीस मिळाले.

येथवर प्रश्न साहित्याचा होता. परंतु या मालिकेची गोष्ट येथे थांबत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये वाई तालुक्यातील धोम परिसरात पुरलेले मृतदेह बाहेर काढण्यात आले. २००३ पासून झालेल्या सहा खुनांचा आरोप डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका इसमावर ठेवण्यात आला. मृतांमध्ये बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्यांपैकी काही जणी वर्षानुवर्षे केवळ बेपत्ता समजल्या जात होत्या. मालिका सत्य घटनेवरून प्रेरित म्हणून पुढे आली आणि तिचे या प्रकरणाशी असलेले नाते उघडपणे बोलले गेले. ती सुरू झाली तेव्हा मूळ खटल्याचा निकाल लागलेला नव्हता.

या ठिकाणी ‘पुढे काय’ या उत्कंठेचा अर्थ बदलतो. घरातून गेलेली बाई परत येईल की नाही, हा प्रश्न घेऊन काही कुटुंबे अनेक वर्षे जगली. त्यांच्या वाट्याला आलेला विराम चोवीस तासांचा नव्हता आणि तो कोणी रंजनासाठी योजलेलाही नव्हता. त्याच जिल्ह्यात, त्याच बोलीत, त्याच माळरानावर चित्रित झालेली कथा रोज रात्री तोच विराम विकत असेल, तर त्या विरामाचे मोल कोण देतो, हे विचारणे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे.

ज्या वाईतून मराठी विश्वकोशाचे काम चालले, ज्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे वास्तव्य होते, तेथील न्यायशास्त्राच्या परंपरेत ‘तर्क’ या शब्दाचा अर्थ काटेकोर आहे. नैयायिकांच्या मते तर्क हे स्वतंत्र प्रमाण नव्हे. तो प्रमाणाला साहाय्य करतो, त्याची जागा घेत नाही. मालिकेचा प्रेक्षक तर्क करतो तेव्हा कोणाचे बिघडत नाही, कारण तेथे प्रमाण म्हणजे उद्याचा भाग. वास्तवातील गुन्ह्याविषयी मात्र तोच खेळ सुरू झाला, तर तर्क प्रमाणाच्या आसनावर बसतो. जून २०२२ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे एकाच कुटुंबातील नऊ जणांचे मृतदेह आढळले. प्रथम ती सामूहिक आत्महत्या समजली गेली. पुढे पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवून अटक केली. मधल्या काळात मृतांच्या हेतूविषयी बांधलेले अंदाज मृतांना खोडून काढता येण्याजोगे नव्हते. मालिकांनी ही सवय लावली, असे म्हणण्यास आधार नाही. पण दोन तर्कांमधील भेद सांगण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, ते मात्र गप्प आहेत.

यावर एक आक्षेप संभवतो. वास्तवात न्याय लांबतो, खटले रेंगाळतात. मग कथेने शेवट न देणे हेच अधिक वास्तवनिष्ठ नाही काय? आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. नव्या साहित्याने मोकळ्या शेवटाची प्रतिष्ठा वाढवली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु अपूर्णता कोणाच्या बाजूने आहे, हे पाहावे लागते. जी अपूर्णता बळी गेलेल्यांचे दुःख मिटू देत नाही, ती वास्तवाशी इमान राखते. जी अपूर्णता खुन्याला पुढच्या पर्वासाठी जिवंत ठेवते, ती त्याला नायकाचे आयुष्य बहाल करते. मालिकेत एकेक स्त्री येते आणि जाते, तिची कथा तिच्या मृत्यूबरोबर संपते. परत येतो तो फक्त तिला मारणारा. होम्सला १८९३ मध्ये धबधब्यात लोटून दिल्यावर वाचकांच्या आग्रहापुढे कॉनन डॉइल यांनी १९०३ मध्ये त्याला परत आणले, हे खरे. पण वाचकांनी जो परत मागितला तो शोधणारा होता. येथे परत आला तो लपवणारा. या दोन पुनरागमनांतील अंतर आपल्या रहस्यकथेच्या अभ्यासात नोंदले गेले पाहिजे.

याचा अर्थ वास्तवातील गुन्ह्यावर मालिका होऊच नये, असा नव्हे. अण्णा भाऊ साठे यांच्यापासून या मुलखातील लेखकांनी घडलेल्या घटनांना कथारूप दिलेच आहे. मागणी एवढीच, की सवाल टाकणाऱ्याने जवाबाची तयारी ठेवावी आणि जवाब देताना ज्यांच्या मरणातून सवाल निघाला त्यांचा विसर पडू देऊ नये.

विद्यापीठीय विभागांनी करण्याजोगे काम अवघड नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी जाऊन मालिकेविषयीची बोलणी ध्वनिमुद्रित करावीत. कोणता तर्क कोणत्या दृश्यावरून निघाला, कोणता शेवट अपेक्षित होता, मिळालेल्या शेवटावर कोण कशासाठी रागावले, हे लिहून ठेवावे. लोकसाहित्याच्या संकलनासाठी जात्यावरच्या ओव्या ज्या आस्थेने टिपल्या, त्याच आस्थेने ही संभाषणे टिपली जावीत. धोमच्या परिसरात हे काम करणाऱ्याने मात्र एक पथ्य पाळावे. मालिकेचा शेवट कसा हवा होता, हा प्रश्न प्रत्येक दारात विचारण्याचा नाही. काही दारे अशी आहेत, की तेथे प्रश्न न विचारता ऐकून घ्यावे, आणि त्या घरातील माणसे बोलली नाहीत तर तसेच परतावे.